जुन्या अभ्यासक्रमाचे पेपर

बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेआधी गणितासाठी मी आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने वाटणी केली होती. मागच्या दहा वर्षांचे पेपर. सम साल माझं, विषम साल त्याचं. मग वह्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या चुका काढायच्या. चुका काढण्यात माझा हात कोणी धरला नसता. तो ग्वाल्हेरच्या मुरार भागातून सायकलवर दर्पण कॉलनीत आमच्या घरी यायचा आणि आम्ही व्हरांड्यात बसायचो, कारण आईच्या मते अभ्यास हवेशीर जागीच होतो. तिला काय म्हणायचंय ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मला गणित आवडायचं. तो त्याहून जास्त आवडायचा. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. त्याचं मात्र सगळं ठरलेलं होतं. मार्क चांगले पडले तर एम.एस्सी.ला पुणे, नाही तर इथेच ग्वाल्हेर. पुण्याचं नाव निघालं की मी त्याच्या उत्तरांवर जरा जास्तच लाल पेन चालवायचे.

परीक्षेला बारा दिवस असतानाच दहाही पेपर संपले. आता आपापल्या घरी उजळणी करू, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या पुस्तकांचं दुकान गाठलं आणि त्या दहा वर्षांच्याही मागचे पेपर मागितले.

"बेटा, ये तो पुराना सिलेबस है. आधा बदल गया," दुकानदार म्हणाला.

"चलेगा अंकल," मी म्हटलं.

त्यातले निम्मे धडे आम्हाला नव्हतेच. पेपर मिळाल्याचं कळवताच तो पुन्हा यायला लागला आणि खाली मान घालून सोडवत राहिला. एकेका गणिताला दोन-दोन तास जायचे. आई पोहे आणून ठेवायची, तो "काकू, एकदम बढ़िया" म्हणत दुसऱ्यांदा घ्यायचा. पाच दिवस असे गेले. मी सुखात होते आणि मला माझीच लाज वाटत होती. तो इथे राहावा म्हणून मी त्याच्या अभ्यासाची माती करत होते.

सहाव्या दिवशी मला राहवेना. "हे आपल्याला नाहीये. सिलेबस बदललाय," मी सांगून टाकलं.

"पता आहे मला." त्याने वहीतून डोकंही वर काढलं नाही. "पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी काय बहाणा करून आलो असतो?"

दुसरी कोणी असती तर लाजली असती. मी भडकले. डोकं फिरलंय का तुझं, परीक्षा सहा दिवसांवर आलीय, असं काय काय बोलले. पेपर हिसकावले, त्याची वही त्याच्या पिशवीत कोंबली आणि परीक्षा होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही, असं बजावून त्याला घालवून दिलं. तो खरंच फिरकला नाही.

त्याला उत्तम मार्क पडले. तो पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला, तिथेच त्याचा संसार झाला. मी अजून इथेच आहे, सिटी सेंटरमधल्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. त्याला त्या दिवशी घरी पाठवलं ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. तसाच ये, बहाणा कशाला हवा, एवढंच म्हणायचं होतं.