भुलाबाईची बोळवण

यंदा आईने भुलाबाई-भुलोजीची मातीची शेवटची जोडी केली. हात थरथरतात तिचे. भुलोजीच्या फेट्याला पीळ द्यायला अख्खी दुपार गेली, आणि मांडीवरच्या गणपतीची सोंड सारखी गळून पडायची. "पुढल्या साली बाजारातून आणजो," ती मला म्हणाली.

भाद्रपदाच्या पुनवेला जोडी पाटावर बसली. आमच्या रिठदच्या घरी भुलाबाई म्हणजे महिनाभर माहेरी आलेली लेक. कोजागिरीला तिला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मांडवात बसवायचं, गाणी म्हणायची, झाकल्या डब्यातला खाऊ वाजवून ओळखायचा, आणि दुसऱ्या दिवशी नदीत बोळवण करायची. लेकीला वेळेवर सासरी धाडलं नाही तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

हे सगळं माझ्या मैत्रिणीला माहीत होतं. वाशीमच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तिच्या घरी भुलाबाई नसायची, म्हणून दर वर्षी ती आमच्याकडे यायची. डबा कानाशी धरून हलवला की खाऊ अचूक सांगायची. "हे पोरगी चुलीपाशी डोकावून येते," आई लटकं रागवायची. आता ती मोठ्या शहरात एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे.

यंदाही आली. पाटासमोर बसून गाणी म्हटली, भाकरी-ठेचा हाणला आणि निघताना म्हणाली, "मावशी, जोडी संग्रहालयात नेऊ दे, नवरात्रात लोकायले दाखवीन अन् कोजागिरीच्या आधी सोता आणून देईन."

मला ते पटलं नाही. पण आई हसली. "माहेरी आलेली लेक चार घरी जेवून येते. तशी येऊ दे हिले." स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यात तिने जोडी गुंडाळून दिली.

कोजागिरीला अंगणात मांडव उभा राहिला. शेजारच्या पोरी जमल्या. डब्यात मुरमुऱ्याचे लाडू होते, मैत्रिणीला आवडतात म्हणून केलेले. पाट रिकामा. "वाशीमची गाडी उशिरा आली असंन," आई म्हणत राहिली. मी फोन लावत होते, ती उचलत नव्हती. दुधावर साय धरली, पोरी गाणी न म्हणताच घरी गेल्या, आणि आईने डबा उघडलाच नाही. लेक परत आल्याशिवाय खाऊ कसा वाटायचा?

आठवड्याने फोनवर मैत्रिणीचा निरोप आला. समितीला जोडी फार आवडली, आता ती संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात राहील, मावशींचा केवढा मान! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात जेवून, आमचीच गाणी म्हणून, आईच्या तोंडावर खोटं बोलून गेली ही, आणि वर मान देते! चार ओळी लिहून मी पुसल्या, कारण त्या कुणाच्या आईने वाचाव्यात अशा नव्हत्या.

निरोपासोबत संग्रहालयाच्या आगामी प्रदर्शनांचं आणि कार्यक्रमांचं पत्रक होतं. सगळ्यात वर आमची भुलाबाई, काचेच्या पेटीत, खालून उजेड सोडलेला. आईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"लुगडं काढून टाकलं वाटते," ती म्हणाली. "वाच बरं."

मी वाचलं. मार्गशीर्षात उद्घाटन. मग तज्ज्ञांचं व्याख्यान. मुलांसाठी मातीकामाची कार्यशाळा. एका रविवारी भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि तिथे 'खाऊ ओळखा' नावाचा खेळसुद्धा.

"अन् बोळवण कवा हाये?"

मी पत्रक वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. समारोप होता, चहापान होतं.

"बोळवण नाही लिहिली, आई."

ती उठली, फळीवरचा डबा काढून माझ्या हातात दिला. लाडू सादळले असणार.

"गाईले घाल," ती म्हणाली. "परक्या मानसानं नेली असती तं मी म्हटलं असतं, त्याले काय माहीत. हिले तं सारं माहीत होतं वं."