निरोगी हाताचा नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. वयानं चांगले मोठे असलेले संचालकही ‘ताई’च म्हणत. ताईंचं काम सांगायला सोपं, करायला डोकेफोड. रुग्णाच्या मनगटाशी विजेचा हलका झटका द्यायचा, नसेतून तो बोटापर्यंत कसा पळतो त्याची लाट टिपायची आणि तशीच लाट संगणकातल्या खोट्या नसेतून पळवायची. त्या नसेतल्या एकेका धाग्याची जाडी, त्यावरचं आवरण, सगळं ताईंनी आकड्यांतून घडवलेलं. आवरण पातळ केलं की लाट रेंगाळते.

आता बिघडलेलं ओळखायचं तर धडधाकट काहीतरी समोर हवं. रोज निरोगी माणसं कुठून धरून आणायची? म्हणून ताईंनी स्वतःचाच उजवा हात पुढे केला. त्यांची लाट हिशेबापेक्षा उशिरा आली. ‘हिशेबच चुकला असणार,’ असं म्हणत ताईंनी संगणकातलं आवरण जरासं तासलं. लाटा चपखल जुळल्या आणि ती नस ‘निरोगी’ म्हणून कायमची ठरली.

पुढे सासूबाईंची बोटं बधिर होऊ लागली. बटणं लावता येईनात. ताईंनी त्यांना कौतुकानं प्रयोगशाळेत नेलं.

“बघा आई, निरोगी नसेपेक्षा केसभर मागे. वयच आहे ते!”

मग काय, घरात चेष्टेला ऊत आला. “आईची बोटं काम बघून झोपतात,” असं ताईंचा नवरा म्हणायचा. सासूबाई आधी हसायच्या. मग त्यांनी बोटांचा विषयच सोडला.

परवा हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई संगणकातली नस बघायला आल्या. पडद्याशी वाकून म्हणाल्या, “ही मनगटाशी दबलेली नस कुणाची?”

“दबलेली नाही, निरोगी आहे,” ताई म्हणाल्या.

“निरोगी? अहो, या बाईला आधी माझ्याकडे पाठवा!”

“तुमच्याशी बोलतायत त्याच,” संचालक पुटपुटले.

ताईंनी चोरी पकडली गेल्यासारखा हात पाठीमागे नेला. मग त्यांनी दिसेल त्याच्या हाताची लाट टिपली: संचालक, शिपाई, झाडूवाल्या मावशी. सगळ्यांच्या लाटा ताईंच्या लाटेआधी हजर! त्यांनी न तासलेली जुनी नस उघडली आणि शेजारी सासूबाईंची लाट लावली. ती कुठच्या कुठे मागे पडली होती. स्वतःच्या हाताचं त्या केव्हाच विसरल्या होत्या.

घरी सासूबाई गादीची खोळ बदलत होत्या. ताई दारातूनच म्हणाल्या, “आई, ठेवा ते. तुमची नस खरंच दबली आहे. मी चुकले.”

“अगं, पण तुझं यंत्र तर म्हणालं...”

“यंत्राला मीच शिकवलं होतं. माझ्या आजारी हातावरून.”

सासूबाई गादीवर बसल्या. “म्हणजे मी नाटकं करत नव्हते?”

“नाही हो, आई.”

सासूबाईंनी सुनेचा हात ओढून घेतला. “तुझीही बोटं बधिर होतात?”

“सकाळी होतात. जरा झटकते, मग बरं वाटतं.”

“मग बोलली का नाहीस, बाई?”

“मला वाटलं, सगळ्यांचंच असं असतं.”

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. “अरे ए! बाहेर ये. आम्हां दोघींना डॉक्टरकडे न्यायचंय. आणि ही खोळ आता तू घाल!”