पेन्सिलीच्या रेघेपुढचं
फरीदाबादहून नोएडाला ऑफिसला जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन तास मेट्रोत. तेवढ्यात महिन्याला माझी दोन पुस्तकं ऐकून होतात. ऐकून, वाचून नव्हे. हातात पुस्तक धरून मी शेवटची कधी बसले होते, ते विचारू नका.

बाबा मात्र हातात धरूनच वाचायचे, आणि तेही मोठ्याने. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, तिथल्या स्टॉलवरून पिशवी भरून पुस्तकं फरीदाबादला आणायची आणि मग वर्षभर रविवारी दुपारी ती आईला वाचून दाखवायची, हा त्यांचा नेम. आईची शाळा चौथीतच सुटली होती. अक्षरं लावायला तिला वेळ लागायचा, पण ऐकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हिवाळ्यात गच्चीवर उन्हात मटार सोलता सोलता ती दर दोन पानांनी बाबांना अडवायची. "अहो थांबा, या बाईला काही अक्कल आहे का?" मग बाबा काहीतरी उत्तर द्यायचे, दोघं हसायची आणि वाचन पुढे सुरू व्हायचं. त्या दिवसाचं संपलं की समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ.

काय उत्तर द्यायचे, ते मला माहीत नाही. मी आत खोलीत कानात हेडफोन खुपसून पडलेली असायचे. दिल्लीकडे वाढलेल्या मुलीला त्या मोठ्या आवाजातल्या मराठीची लाज वाटायची. शेजाऱ्यांना ऐकू जातं म्हणून एकदा मी भांडलेसुद्धा होते. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, एक कादंबरी अर्धी ठेवून. आई अधूनमधून ती कादंबरी काढायची, पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. मला वाटलं, अरे, यावर तर आपल्याकडे इलाज आहे. तेच पुस्तक ऑडिओबुकमध्ये मिळालं. तिच्या फोनवर टाकून दिलं, छोटा स्पीकर आणला आणि स्वतःवर खूश होऊन मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी विचारलं, "कसं वाटलं?"

"याला कुठली गाडी पकडायची आहे का?"

सवयीने मी वेग दीडपट ठेवला होता. तो कमी करून दिला. आठवड्याने पुन्हा विचारलं.

"आवाज छान आहे गं, बिल्कुल रेडिओसारखा. पण मी बोलले तरी तो आपला बोलतच राहतो."

"मग पॉज कर ना. हे बटण."

"केलं. मग गप्पच बसतो."

बाबा जिथवर आले होते तिथवर तिने ऐकलं आणि स्पीकर कपाटात ठेवून दिला. पुढचं नको, म्हणाली.

माझ्या फोनमध्ये परक्या माणसांचे शेकडो तासांचे आवाज आहेत. बाबांचा एकही नाही. रेकॉर्ड करावंसं कधी वाटलंच नाही, घरातच तर असायचा तो. मेट्रोत ऐकताना एखाद्या पुस्तकाचा वाचक जरा घोगऱ्या आवाजात सावकाश वाचू लागला की मी डोळे मिटून घेते. पुढच्याच वाक्याला कळतं, हे ते नव्हेत. फार आठवण येते त्यांची.

गेल्या रविवारी आई गच्चीवर मटार सोलत बसली होती. मी ती कादंबरी घेऊन तिच्या शेजारी बसले. शेवटची रेघ शोधली आणि तिथून पुढे वाचायला लागले. चांगलीच अडखळत होते. आई सोलत राहिली. दीडेक पान झालं आणि तिचे हात थांबले.

"थांब जरा. हा माणूस बायकोला खरं सांगणार नाही, बघ."

मी थांबले. ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत. इतकी वर्षं भिंतीपलीकडे हेच चाललं होतं आणि मी कान बंद करून पडले होते.

"बाबा काय म्हणायचे गं अशा वेळी?"

तिने हातातली शेंग सोलली. मग हळूच म्हणाली, "म्हणायचे, अगं, आधी पुढचं ऐक तर खरं."

मी घसा साफ केला. "अगं, आधी पुढचं ऐक तर खरं."

आई हसली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "वाच."