प्रार्थनेतलं अस्वल

मिशनच्या बालगृहात मला नोकरी लागली तेव्हा खेड्यातले लोक माझ्या आईला विचारायचे, "पोरगा किरिस्ताव झाला का वं?" आई म्हणायची, "नाही, मास्तर झाला."

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवा होतो. चिखलीत शिकलेल्या माझ्यासारख्या पोराला जातधर्म न विचारता मोठ्याबाईंनी कामावर घेतलं, याचं मला एवढं वाटायचं की त्यांचा प्रत्येक नियम मी पोरांपेक्षा कडक पाळायचो.

मोठ्याबाई नगरकडच्या, बालगृहाच्या प्रमुख. त्यांचा सगळ्यात पक्का नियम जेवणाआधीच्या प्रार्थनेचा. थाळी वाजली की उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. 'आमेन'च्या आधी ज्याचा डोळा उघडेल त्याने आठवडाभर सगळ्यांची भांडी राखेनं घासायची. कुणाचा उघडला हे बाईंना कसं कळायचं, देव जाणे.

त्या वर्षी घाटाखालच्या, मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक पोरगी आली. आई नव्हती, बाप मजुरीला दूर गेला होता आणि सुगी झाली की न्यायला येईन म्हणाला होता. समोरचे दोन दात पडलेले, पण बोलायची हौस मोठी. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, "आमच्या वावराजोळ मी अस्वल पाह्यलं. पिल्ले पाठीवर बसवून जाऊन राह्यलं होतं."

पोरांमध्ये एक उंच, वात्रट मुलगा होता. तो म्हणाला, "अस्वल होतं का यष्टी होती वं?"

झालं. त्या दिवसापासून ती दिसली की कुणीतरी कंडक्टरसारखं ओरडायचं, "मोताळा, मोताळा, चला मोताळा." तिने बापाचं नाव काढलं की तो विचारायचा, "तो कशानं येणार हाय, अस्वलानं?" अस्वल खोटं ठरलं म्हणून बापही खोटा ठरला. हळूहळू ती बोलेनाशी झाली. मी समजावून पाहिलं, पण अस्वल पाठीवर पिल्लं नेतं की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. बी.ए.ला ते नव्हतं.

ईस्टरच्या सुट्टीत पोरांना बोथ्याच्या जंगलात मुक्कामाला न्यायची कल्पना माझी. जंगल खात्याची परवानगी मिळाली, तंबू मिळाले. मोठ्याबाईंची अट एकच होती. "गुरुजी, जंगल असो नाहीतर बाजार, प्रार्थना चुकणार नाही."

मी भीत भीत म्हणालो, "बाई, तिथे मनातल्या मनात केली तर? गाऊन केली तर जनावरं पळतील."

त्यांनी विचार केला. "चालेल. देवाला मनातलंही ऐकू येतं. पण डोळे मिटूनच."

पहिला दिवस वाया गेला. एवढी पोरं, त्यांच्या पिशव्यांतल्या थाळ्या, आणि वाटेवरची गाणी; वानरंसुद्धा आम्हाला पाहून झाड बदलत होती. मी एका जागी लेंड्या दाखवून सांगितलं, "हे पाहा, सांबराच्या."

वात्रट मुलगा म्हणाला, "गुरजी, लेंड्या तं आमाले बकरीच्याबी चालतेत. सांबर दाखवा."

ती पोरगी मात्र सगळ्यांच्या मागे राहून प्रत्येक झुडपाखाली वाकून पाहत होती. आपलं अस्वल आज भेटलं नाही तर परत बालगृहात जाऊन कुठल्या तोंडाने राहायचं, हेच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दिवस मावळायला आला तेव्हा आम्ही नाल्याच्या काठावर जेवायला बसलो. उन्हाळ्यामुळे पाण्याचं एकच डबकं राहिलं होतं. भाकरी-बेसन वाढून झालं. थाळी न वाजवता मोठ्याबाईंनी हात वर केला. सगळे उभे राहिले, डोळे मिटले. दिवसभरात पहिल्यांदाच शांत झालं.

पलीकडे पाला वाजला. मी डोळे आणखी घट्ट मिटले. नंतर पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला. मी बुद्धाचं स्मरण करून उभा राहिलो. त्या दिवशी मोठ्याबाईंचं 'आमेन' यायला फारच वेळ लागला.

जेवण सुरू झालं. वात्रट मुलगा तोंडात घास घेऊन म्हणाला, "काऊन वं, कुठी गेलं तुहं अस्वल?"

तिने भाकरी खाली ठेवली. "आताच गेलं. पाणी पेऊन गेलं. पिल्ले पाठीवर होते."

"कधी?"

"प्रार्थनेत."

सगळ्यांचे घास थांबले. मग एकदम गलका झाला. "बाई, इनं डोळे उघडले." "बाई, भांडे हिच्याकडे."

मोठ्याबाईंनी विचारलं, "उघडले होतेस?"

नाही म्हटलं असतं तर भांडी वाचली असती. अस्वल मात्र पुन्हा खोटं ठरलं असतं. ती म्हणाली, "हाव. पुरं जाईपर्यंत."

"किती पिल्लं होती?"

"दोन."

वात्रट मुलगा हसला. "एक म्हटलं असतं तं मानलं असतं. दोन कसे बसतीन वं? खोटं बोलून राह्यली."

"बसली होती," मोठ्याबाई म्हणाल्या. "एक मानेवर, एक मागे. मागचं घसरत होतं."

एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी बेसनाची पळी उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी त्याच मुलाने अगदी अदबीने विचारलं, "बाई, मंग भांडे कोण घासन?"

"दोघी घासू," त्या म्हणाल्या.

आणि घासली. परत आल्यावर आठवडाभर मोठ्याबाई पदर खोचून विहिरीजवळ बसायच्या, शेजारी ती पोरगी, दोघींचे हात कोपरापर्यंत राखेने माखलेले. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, म्हणाला, माझाबी एक डोळा उघडा होता. मग आणखी एक आली. चौथ्या दिवशी तो वात्रट मुलगा घासणी घेऊन हजर. "पाय आतमंधी वळवून चालत होतं," एवढंच म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

भांड्यांवर मी सोडून जवळजवळ सगळे होते. पोरांना माझी दया आली. एकाने विचारलं, "गुरजी, तुमी काऊन मिटले?"

मग मला अस्वल दाखवायचं ठरलं. ती पोरगी अंगणात ओणवी झाली. दोन लहानगी तिच्या पाठीवर चढली, आणि पाय आत वळवून ती विहिरीपासून स्वयंपाकघराकडे निघाली. मागचं लहानगं घसरलं. वात्रट मुलगा ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका."

हसणं थांबल्यावर त्याने तिला विचारलं, "तुहा बाप कशानं येणार हाय मंग?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो चिडवत नव्हता.

"बैलगाडीनं," ती म्हणाली. "तूबी बसजो. घाटापर्यंत."