वाटेवरची डहाळी

काल शहरातल्या द्वारका चौकात रस्त्यातल्या खड्ड्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली होती. ती बघून स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची पेठ तालुक्यातली डोंगरवाट आठवली. मी नवा मास्तर, शाळेवर रुजू व्हायला दिवसभर डोंगर तुडवत होतो. वाटाड्या सोमा पुढे होता आणि माझी ट्रंक घेऊन त्याचा म्हातारा बाप बराच मागे. प्रत्येक फाट्यावर सोमा एका वाटेवर ऐनाची हिरवी डहाळी आडवी टाकी. म्हातारा अडखळेल म्हणून मी ती उचलून फेकून देई.

म्हातारा वाट चुकला. दिवस कलल्यावर सोमाने त्याला शोधून आणलं.

"चुकीच्या वाटंवर डहाळी टाकली व्हती ना, बा!"

"दिसली नाय रं. डोळं गेलं माझं."

मी गप्प बसलो. त्यानंतर म्हातारा एकटा कधी डोंगरात गेला नाही.