बिनवासाचं फरशीचं पाणी

खरेदी शाखेतल्या बाईंना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, तेव्हा ते परिपत्रक आलं. सरकारी कार्यालयांनी यापुढे वस्तू घेताना पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंना प्राधान्य द्यावं, असं त्यात साडेचार पानांत लिहिलं होतं. पानं एकाच बाजूनं छापलेली. ते आधी आस्थापना शाखेत गेलं. आस्थापनानं ते लेखा शाखेकडे पाठवलं, लेखानं 'हा आमचा विषय नाही' असा शेरा मारला, आणि अशी टोलवाटोलवी होत महिन्याभरानं ते बाईंच्या टेबलावर येऊन पडलं.

"तुम्हीच बघा बाई," साहेब जाता जाता म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

एकोणतीस वर्षं बाईंनी या इमारतीसाठी टाचण्यांपासून कपाटांपर्यंत सगळं मागवलं होतं. नियम एकच, सगळ्यात कमी दर. नवं काही आलं की त्याचं काय होतं हे त्यांना पाठ होतं. फाइल उघडायची, वर 'नोंद घेतली' लिहायचं आणि कपाटात ठेवायची. याही वेळी त्या तेच करणार होत्या. खरं सांगायचं तर त्या दमल्या होत्या. सकाळी उठतानाच दमलेल्या असायच्या.

त्याच आठवड्यात त्या भांडारात शिल्लक मोजायला गेल्या. तिथे सफाईच्या मावशी डब्यातून बादलीत फिनाईल ओतत होत्या. वयानं बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण अख्खी इमारत त्यांना मावशीच म्हणायची. ओतताना त्यांनी तोंड बाजूला वळवलं होतं आणि श्वास रोखून धरला होता. बाईंचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, काही ओल्या होत्या.

"हातमोजे नाहीत का?"

"होते की. फाटले. ठेकेदार म्हणतो, तुम्ही मुद्दाम फाडता."

"किती दिवस झाले हाताला?"

"दिवस?" मावशी हसल्या. "तुम्ही फिनाईल बदललंत ना बाई, चार वर्षांमागे? तेव्हापासून."

चार वर्षांपूर्वी ते फिनाईल बाईंनीच निवडलं होतं. निवडलं म्हणजे काय, दर सगळ्यात कमी होता. त्या टेबलाशी परत आल्या, परिपत्रक काढलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. चौथ्या पानावर सफाईच्या द्रव्यांबद्दल एक परिच्छेद होता. कातडीला आणि सांडपाण्याला अपाय न करणारी द्रव्यं घ्यावीत, दर थोडा जास्त असला तरी चालेल. हे 'तरी चालेल' बाईंनी पेन्सिलीनं अधोरेखित केलं.

पुढचे सात महिने त्या एका वाक्याच्या जोरावर गेले. तीन वेळा निविदा काढावी लागली. एका विक्रेत्यानं जुन्याच डब्यावर हिरव्या पानाचं चित्र चिकटवून पाठवलं. बाईंनी प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा तो म्हणाला, "पान छापलंय ना मॅडम, अजून काय पाहिजे?" शेवटी एक सौम्य द्रव्य आलं. वास नाही, फेस नाही, पाण्यासारखं. मावशी ते वापरायला लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या भेगा मिटायला लागल्या.

तक्रारी मात्र पहिल्याच दिवशी सुरू झाल्या. फरशी पुसल्यासारखी वाटत नाही. स्वच्छतागृहात वास येत नाही, म्हणजे धुतलंच नसणार. वीस वर्षं नाकानं स्वच्छता ओळखणाऱ्या माणसांना वासाशिवाय चैन पडेना. लेखा शाखेनं तर नऊ जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारायचंच, "काय बाई, तुमचं पाणी काय म्हणतंय?"

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "हे गुंडाळा आता. द्रव्य असमाधानकारक आहे, जुनंच पुन्हा सुरू करावं, एवढं एक टिपण लिहा. मी सही करतो."

"साहेब, फरशी स्वच्छ निघते. आणि मावशींचे हात बरे झालेत."

"फाइलवर आहे का तसं काही?"

फाइलवर काहीच नव्हतं. संध्याकाळी बाईंनी मावशींना जिन्यापाशी गाठलं आणि दोन ओळी लिहून सही कराल का, असं विचारलं. मावशींनी बादली खाली ठेवली.

"मी ठेक्यावर आहे बाई. आज सही केली तर उद्या ठेकेदार म्हणेल, घरी बस. मुलीची फी तोंडावर आलीय."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"रागावू नका."

"नाही रागावले."

रागावल्या नव्हत्याच. पण बसमध्ये त्यांना वाटलं, आता टिपण लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं. कोण विचारणार आहे? घरी नवरा खिडकीशी बसून चष्मा पुसत होता. तो जन्मभर छापखान्यात होता आणि निवृत्तीनंतर कमी बोलायला लागला होता. त्यांनी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे कायम नोकरीवाल्याचा हात खराब झाला असता, तर फाइलवर आलं असतं."

तो सहज बोलून गेला. बाई मात्र बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी कार्यालयात गेल्या. भांडारात जुन्या फिनाईलचे पाच डबे उरले होते. त्यांनी बादली भरली आणि अभिलेखांच्या खोलीची फरशी उघड्या हातांनी पुसून काढली. मग रोज तसंच. तिसऱ्या दिवशी मावशींनी त्यांना तिथे गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं आणि त्या दारातच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"फरशी पुसतेय."

"ते दिसतंय. फडकं पिळताय कसं, पाणी सगळं कपाटाखाली चाललंय." मग त्या जवळ आल्या. सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं. "सोडा बाई. माझ्यासाठी असलं काही करू नका."

"तुमच्यासाठी नाही," बाई म्हणाल्या. "ते फिनाईल मी मागवलं होतं."

मावशींनी त्यांना फडकं नीट कसं पिळायचं ते दाखवलं आणि त्या आपल्या कामाला गेल्या.

सहाव्या दिवशी बोटांना खाज सुटली. नवव्या दिवशी कातडी सोलवटली आणि पेन धरवेना. घरी नवरा भांडी घासायला लागला. अकराव्या दिवशी बाई सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. "कशानं झालं?"

"कार्यालयातल्या फिनाईलनं. तसंच लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं. बाईंनी तो कागद टिपणाला जोडला. टिपणात त्यांनी फक्त घडलं तेवढंच लिहिलं: कोणती खोली, किती दिवस, कोणतं द्रव्य. अक्षर वेडंवाकडं आलं होतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"हो."

"तुमच्या वयाला शोभतं का हे?"

साहेबांनी डॉक्टरांचा कागद पुन्हा उलटून पाहिला. कायम कर्मचाऱ्याची तक्रार, वर डॉक्टरांचा शिक्का. आता विरुद्ध शेरा मारायचा तर तो त्यांना स्वतःच्या सहीनं मारावा लागला असता. त्यांनी 'नवे द्रव्य या इमारतीपुरते, प्रायोगिक तत्त्वावर, एक वर्ष' असं लिहिलं आणि फाइल बाजूला सारली.

खात्याच्या एकूण अकरा इमारती होत्या. बाईंनी उरलेल्या दहांना पत्रं पाठवली. तिघांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोघांनी फक्त 'पत्र मिळाले' एवढंच. अभिनंदन कोणी केलं नाही. लेखा शाखेला हळूहळू सवय झाली आणि त्यांनी एअर कंडिशनरच्या आवाजाबद्दल अर्ज करायला घेतला.

चौथ्या महिन्यात ठेकेदारानं मावशींची बदली नदीपलीकडच्या इमारतीत केली. जाताना त्या सांगायला आल्या.

"तिथे कुठलं आहे?" बाईंनी विचारलं.

"जुनंच," मावशी म्हणाल्या.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना रडूही आलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी कपाट उघडलं, कोरी फाइल काढली आणि तिच्यावर पलीकडच्या इमारतीचं नाव घातलं. पुन्हा तीच पत्रं, तीच स्मरणपत्रं, तीच उत्तरं. 'विचाराधीन आहे.' 'संबंधित अधिकारी रजेवर आहेत.' मंजुरी यायला अकरा महिने लागले.

आदेशाची प्रत टपालानं पाठवली तर खणात पडून राहील, म्हणून एका शनिवारी बाई स्वतः बसनं तिकडे गेल्या. नवे डबे आलेले होते, पण तसेच बंद. मावशींची चौकशी केली तर कळलं, त्या आठवडाभर रजेवर आहेत, थोरल्या मुलीचं बाळंतपण आहे. त्यांच्या जागी एक अनोळखी बाई जिना पुसत होती, तोंडावर रुमाल बांधून.

"हे वापरायचं आजपासून," बाईंनी डबा फोडून दाखवला. "एका बादलीला दोन झाकणं. वास येणार नाही. कोणी विचारलं तर सांगा, असंच असतं."

तिनं वाकून डब्याचा वास घेतला आणि संशयानं विचारलं, "पण फरशी निघते का यानं?"

"निघते," बाई म्हणाल्या, आणि तिचा पहिला जिना पुसून होईपर्यंत तिथेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.