शनिवारची हरकत

आमच्या निडी स्टेशनाजवळच्या गावात मालगाड्यांसाठी आणखी एक रूळ टाकायचं ठरलं, तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होते. रूळ जाणार होता नेमका ज्यूंच्या दफनभूमीवरून. एके काळी त्यांची बरीच घरं होती. नव्वद सालानंतर एकच उरलं, माझ्या शेजारच्या काकांचं. मुलगा इस्रायलला बोलावून बोलावून दमला. काका म्हणायचे, "तुझी काकी हितंच हाय गो. तिच्या बाजूची जागा माझी." थडग्याशेजारी खरंच त्यांनी चार दगड मांडून जागा धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकतात तशी.

जनसुनावणी शाळेतच ठेवली. शनिवारी दुपारी, हरकतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. काकांची लेखी हरकत मी आदल्या दिवशीच झोकात लिहून काढली होती. सही तेवढी सुनावणीला येणाऱ्या साहेबांसमोर करू म्हटलं, म्हणजे वजन पडेल. माझी अक्कल! वार कुठला, हे डोक्यातच आलं नाही. काकांना वाटलं होतं, नुसतं तोंडानं सांगायचं.

त्यांनी सांगितलंही छान. साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि कागद पुढे सरकवला.

"आज शब्बाथ हाय सायेब. आज आम्ही लिवत नाय. चांदण्या दिसल्या की करतो सही."

"मग अंगठा द्या."

"अंगठा काय नि सही काय, एकच."

मी भडकले. साहेबांवर नाही, काकांवर, तेही सगळ्या गावादेखत. "अहो काका, एक सही! जग बुडणार आहे का?"

"बाय, चाळीस वर्षं तिनं शनवारी चूल पेटवली नाय," काका म्हणाले. "तिच्यासाठी मी शनवार मोडू?"

साहेबांना परतीची गाडी गाठायची होती. मी हात जोडले, चिडले, पुन्हा हात जोडले. 'लेखी हरकत नाही' असं लिहून ते गेले. काका शाळेच्या पायरीवर बसून राहिले. चांदण्या दिसल्यावर त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. सोमवारी मी कागद घेऊन पेणला गेले. मुदत संपली, कारकून म्हणाला. नंतर दोनदा गेले, तरी तेच.

पावसाळा सरला आणि डंपर आले. दोन दिवसांत काकीचं थडगं आणि ते चार दगड मुरमाखाली गेले. मी शाळेत रजा टाकून घरात रडत बसले. काका मात्र दोन्ही दिवस तिथं उभे होते.

मग ते मुलाकडे जायला तयार झाले. गाडी दाराशी आली, सामान चढलं. आत बसता बसता ते थांबले.

"गो, त्या दिवशी सही केली असती, तर ती रागावली असती काय?"

माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच. त्यात काकीला मी चांगली ओळखत होते.

"नसती रागावली," मी बोलून गेले.

काका "बरं" म्हणाले. गाडी निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.